गवत कापायच्या यंत्राचा तास

बर्फ ढकलणारी गावची गाडी कोरीनच्या दारापर्यंत यायची, तिच्या टपालपेटीला प्रदक्षिणा घातल्यासारखी वळायची आणि आल्या वाटेने परत जायची. तिथून पुढे आर्डिसच्या घरापर्यंत पाऊण मैलाचा चढ. हा पाऊण मैल गावाच्या नकाशावर होता, पण गावाच्या मनात नव्हता. त्याच्यावर खडी पडायची नाही, त्याचं बर्फ कुणी ढकलायचं नाही, शाळेची बस त्याच्याकडे ढुंकून बघायची नाही.

हिवाळ्यात आर्डिसचा नवरा वेंडेल स्वतःच ट्रॅक्टरने बर्फ काढायचा. त्याचं काही एवढं नाही. पण मार्च लागला, बर्फ वितळलं, जमीन वरून सुटली आणि आतून गोठलेलीच राहिली, की त्या रस्त्याचं जे काही व्हायचं त्याला चिखल म्हणणं म्हणजे चिखलाचा अपमान.

देवाने आर्डिसला सगळं मोजून-मापून नीट दिलं होतं. फक्त एक जाऊ जास्त दिली होती, कोरीन.

त्या सकाळी ती टपाल आणायला खाली निघाली. दोन्ही घरांच्या पेट्या कोरीनच्याच दारात, एका खांबावर. अर्ध्या उतारावर तिचा डावा रबरी बूट चिखलात रुतला. तिने पाय ओढला. पाय आला, बूट आला नाही. एका पायावर उभी राहून, लोकरी मोजा हवेत धरून, दोन्ही हातांनी ती बूट उपटत होती, आणि नेमकी तेव्हाच कोरीन ओसरीवर आली.

"आर्डिस! अगं, एकच बूट घालून कुठे निघालीस?"

"फिरायला," आर्डिस म्हणाली.

"ये की आत, कॉफी केलीये. आत्ताच रस्त्याचा माणूस येऊन गेला. खडी टाकून गेला बघ, मी म्हटलंसुद्धा नव्हतं."

मी म्हटलंसुद्धा नव्हतं! हेच ते. कोरीनला कधी काही म्हणावं लागत नसे. आर्डिसने नव्या कोऱ्या खडीकडे बघितलं. ती अगदी टपालपेटीच्या खांबापर्यंत येऊन थांबली होती, कुणी सुरीने कापावी तशी.

पेटीत गावचा वार्षिक अहवाल आला होता. दर वर्षी गावसभेच्या आधी तो घरोघरी येतो. गावाने काय केलं, कुणाकडे कुत्री किती, किती जन्मले, किती वारले, सगळं त्यात असतं. आणि दर वर्षी तो गावातल्या एका माणसाला अर्पण केलेला असतो, त्याचा फोटो मुखपृष्ठावर. आर्डिसने पुस्तक उलटं काढलं, सुलटं केलं, आणि कोरीन तिच्याकडे बघून हसली. दारातली नव्हे, छापलेली. हातात पुस्तकांचा गठ्ठा, गळ्यात तीच ती निळी माळ. खाली लिहिलं होतं: वीस वर्षं वाचनालय सांभाळणाऱ्या कोरीन विलार्ड यांना, कृतज्ञ टिलिंग्टन गावातर्फे.

"कशाला केलं बाई त्यांनी असं," कोरीन ओसरीवरून म्हणाली. "मला तर लाजच वाटली."

"छान आलाय फोटो," आर्डिस म्हणाली. आणि चढ चढताना मनात मोजू लागली. गावसभेच्या जेवणाची भांडी ती अकरा वर्षं घासत होती. बीन्सचे ते जळक्या तळाचे हंडे! त्या हंड्यांसकट तिचा फोटो काढावा असं आजवर कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

*

घरात चौघं. आर्डिस, वेंडेल, त्यांची सोळा वर्षांची मुलगी टॅन्सी, आणि वेंडेलचा बाप ओरिन, एकोणऐंशीचा. ओरिनची छाती आता जुन्या भात्यासारखी वाजायची. नाकाशी नळी, नळीच्या टोकाला खोलीत घुरघुरणारं प्राणवायूचं यंत्र. मागच्या एप्रिलात त्याचा श्वास अडला होता, तेव्हा अँब्युलन्स कोरीनच्या दारात येऊन थांबली. पुढे यायची तिची टाप नव्हती. मग वेंडेलने ट्रॅक्टरच्या पुढच्या, माती उचलायच्या बकेटमध्ये गादी टाकली, गादीवर बापाला ठेवलं आणि शेणखत न्यावं तसं खाली नेलं. म्हातारा वाचला. डॉक्टर म्हणाले, अजून वीस मिनिटं उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

म्हणून जानेवारीत वेंडेलने सह्या गोळा करून विषय दिला होता: हा पाऊण मैल गावाने आपल्याकडे घ्यावा, खडी टाकावी, बर्फ काढावं. गावसभेच्या पत्रिकेवर तो अकरावा विषय होता.

आणि नेमका सभेच्या तोंडावर मेपलचा रस सुटला. रात्री गोठायचं, दिवसा ऊन पडायचं, आणि झाडं पाझरायला लागायची. झाडांना टांगलेल्या दोनशे बादल्या. चिखलात ट्रॅक्टर जाईना, म्हणून वेंडेल आणि टॅन्सी खांद्यावर आडवं लाकूड घेऊन दोन-दोन बादल्या वाहायचे. टॅन्सीच्या मानेवर लाल वळ उठले. रस आटवायच्या खोपटात ओरिन चुलीजवळच्या खुर्चीत बसून लांब झाऱ्याने फेस काढायचा. आगीजवळ नळी नको, म्हणून तेवढा वेळ यंत्राविना. वाफेत त्याला बरं वाटायचं.

वेंडेल उकळत्या कढईसमोर भाषणाचा सराव करायचा.

"गाववाल्यांनो," तो म्हणायचा आणि थांबायचा.

"पुढे?" ओरिन विचारायचा.

"पुढे काय बोलू, बाबा? रस्ता द्या म्हणू?"

"म्हण की. तू काय त्यांची किडनी मागतोयस?"

टॅन्सी खदखदून हसली. "आजोबा, तुम्हीच बोला ना! तुम्ही बोललात तर अख्खा हॉल रडेल."

"मी बोललो तर अर्ध्या वाक्यात अँब्युलन्स बोलवावी लागेल, पोरी. तीही कोरीनच्या दारात."

कोरीनचं नाव निघालं आणि आर्डिसने चुलीत लाकूड जरा जोरातच घातलं.

सोमवारी दुपारी तिने पाई केली, पारीत गोड सारण भरून भट्टीत भाजायची. गावसभेला प्रत्येक घरून पाई जाते. कुणाची आधी संपली आणि कुणाची उरली हे कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. गेली सहा वर्षं कोरीनची सफरचंदाची पाई पहिली संपत होती. यंदा आर्डिसने स्वतःच्या मेपलच्या पाकाची पाई केली. नवा पाक, हंगामातला पहिला, सोन्यासारखा. कडांना वेणी घातली. टॅन्सीने बोट लावायला हात पुढे केला तर तिने लाटणंच उगारलं.

"आई, ही पाई आहे की अमेरिकेचा झेंडा?"

"हात मागे घे."

*

मंगळवारी सकाळी दारात मतदारयादी तपासून प्रत्येकाला एक पिवळं कार्ड मिळालं. मत द्यायची वेळ आली की ते वर धरायचं, जाताना दारातल्या टोपलीत परत टाकायचं. आर्डिसने ते ॲप्रनच्या खिशात घातलं. हॉलमध्ये लोखंडी खुर्च्यांवर नव्वदएक माणसं, ओल्या लोकरीचा वास, विणणाऱ्या बायका, मागच्या भिंतीशी हात बांधून उभे असलेले बाप्ये. ओरिन घरीच होता, त्याच्याजवळ शेजारीण बसवली होती. वेंडेल पहिल्या रांगेत बसला, इस्त्रीचा शर्ट घालून. वाक्य विसरू नये म्हणून ओठ हलवत. सोळा वर्षांच्या टॅन्सीला मत नव्हतं, ती पाहुण्यांच्या बाकावर. आणि आर्डिस अगदी मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी, कारण अकरा वर्षं तिची जागा तिथेच होती.

सभेचा अध्यक्ष होता आल्डेन फेन, ओरिनचा भाचा. सुतार होता, आणि आपल्या त्या लाकडी हातोडीने टेबल इतकं हळू ठोकायचा की टेबलाची दया येत असावी.

नववा विषय नव्या ट्रकचा. अमाप पैशांचा. पाच मिनिटांत मंजूर. असंच असतं ते. मोठ्या गोष्टीत कुणाला काही कळत नाही म्हणून कुणी बोलत नाही. आणि दहावा विषय होता दफनभूमीतलं गवत कापायच्या यंत्राचा, आणि गवतातलं सगळ्यांनाच कळतं.

दर वर्षी हा विषय यायचा आणि दर वर्षी लायमन टटल उठायचा. यंत्र जुनंच दुरुस्त करा, माझ्या आज्याने विळ्याने कापलं, पात्याची धार कुणी लावत नाही, मेलेल्यांना काय घाई आहे. तासभर! घड्याळ लावून तासभर. लायमन उठला की बायका बटाटे सोलायला जायच्या, पुरुष बाहेर सिगारेटी ओढून यायचे, एकदा तर एक जण घरी जाऊन गाय वीत होती ती बघून आला होता आणि परत आला तरी लायमन पात्याच्या धारेवरच होता.

"विषय दहावा," आल्डेन म्हणाला.

आर्डिस उठली. तास होता हातात. स्वयंपाकघरात जाऊन फक्त एकदा बघून यायचं होतं.

दहाच्या कॉफीबरोबर काही पाई कापल्या गेल्या होत्या. टेबलावर चौदा ताटल्या. कोरीनची सफरचंदाची ताटली पुढे, मधोमध. आठांतले दोन तुकडे उरलेले. आर्डिसची कुठाय? ती शोधत राहिली. सापडली. मागे, कॉफीच्या मोठ्या पिंपाच्या आड, भिंतीला लागून. आठांतले सात तुकडे शिल्लक. कडेची वेणी तशीच्या तशी.

सात!

पुन्हा मोजले. पुन्हा सातच. आणि नेमका तेव्हाच हॉलमधून वाढपाच्या खिडकीतून आवाज आला. कोरीनचा. स्वच्छ, वाचनालयातला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"मला आज दोन शब्द बोलायचेत," कोरीन म्हणत होती.

झालं. आभाराचं भाषण! लायमन दम घ्यायला थांबला असेल, आणि बाईसाहेबांनी मुखपृष्ठाचे आभार मानायला उठायचा मुहूर्त साधला. टाळ्या पडल्या. आर्डिसने पुढे होऊन वाढपाच्या खिडकीची लाकडी फळी खाली ओढली. खट्. आवाज बंद. मग तिने नळ सोडला, आपली ताटली उचलून अगदी पुढे, सफरचंदाच्या ताटलीच्या नाकासमोर ठेवली, कोरीनची ढकलली पिंपाआड. पाकाचा ओघळ बोटांवर आला. तो तिने ॲप्रनला पुसला, खिशावर, जिथे कार्ड होतं.

किती वेळ गेला? चार मिनिटं, सहा. दार धाडकन उघडलं. टॅन्सी. चेहरा पांढरा.

"आई! तू कुठे होतीस?"

"इथेच. का? लायमन संपला?"

"लायमन?" टॅन्सीचा आवाज फाटला. "लायमनचा घसा बसलाय, आई! तो उठला आणि नुसता मान हलवून बसला. दहावा एका मिनिटात झाला. अकरावापण झाला. सेहेचाळीस विरुद्ध सेहेचाळीस!"

आर्डिसचा हात नळावर तसाच राहिला.

"म्हणजे?"

"म्हणजे पडला! बरोबरी म्हणजे पडला. आल्डेनकाका म्हणाला, अध्यक्षाला एक मत असतं, पण ओरिन माझा सख्खा मामा आहे, मी कार्ड उचलणार नाही. आणि कोरीनकाकू इतकं सुंदर बोलली, आई. आजोबांना बकेटमधून कसं आणलं, त्यांचे पाय कसे बाहेर लोंबत होते. माणसं टाळ्या वाजवत होती."

फळीच्या पलीकडे आल्डेनने बारावा विषय पुकारला. एकदा पुढचा विषय लागला की मागचा उघडत नाही.

*

परतीच्या वाटेवर कोरीनच्या दारात ट्रक ठेवून तिघं चालत चढले. वेंडेल मोठ्याने हिशेब लावत होता.

"हॅस्किनने नाही म्हटलं, ते मी बघितलं. पीटने नाही. पण कुणीतरी एक... एका माणसाने कार्ड उचललं असतं ना, आर्डिस..."

टॅन्सी आईकडे बघत नव्हती. ती चिखलाकडे बघत चालत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

"बघू पुढच्या वर्षी," आर्डिस म्हणाली.

"बाबा पुढच्या वर्षी असतील?" वेंडेल म्हणाला. जाताना कार्ड टोपलीत टाकायचं आर्डिसच्या लक्षातच राहिलं नव्हतं. ते ॲप्रनला चिकटून घरी आलं होतं.

बाराव्या दिवशी पहाटे ओरिनच्या छातीतून शिट्टी यायला लागली. ओठ निळे. वेंडेलने ट्रॅक्टर काढला. गादी, दोन गोधड्या, प्राणवायूची छोटी टाकी. म्हाताऱ्याला उचलताना आर्डिसला जाणवलं, माणूस इतका हलका झालाय. बकेटच्या कडेला धरून ती बाजूने चालत होती, गुडघ्यापर्यंत चिखल, दर चार पावलांवर चाक सरकायचं आणि बकेट झोकांडायचं. गोधडीतून ओरिनचे पाय बाहेर लोंबत होते. अगदी कोरीनने सांगितलं तसे. तिने चालता चालता ते हातात धरले. बर्फासारखे.

"पोरी," ओरिन एकेका श्वासाला एकेक शब्द देत म्हणाला, "राजालासुद्धा... असं वाहन... मिळत नाही."

"बोलू नका, बाबा."

उतरायला अठ्ठावीस मिनिटं लागली. खाली अँब्युलन्स तयार होती, दिवे फिरत होते, आणि कोरीन रात्रीच्या झग्यावर नवऱ्याचा कोट घालून रस्त्यात उभी होती. तिने काही विचारलं नाही. आर्डिसच्या हातांतून ओरिनचे पाय घेतले आणि अँब्युलन्समध्ये ठेवेपर्यंत आपल्या कोटात धरून ठेवले.

ओरिन त्याही वेळी वाचला. पण डॉक्टरांनी या वेळी वीस मिनिटं नाही म्हटलं, पाच म्हटलं.

संध्याकाळी वेंडेल घरी आला. हात धुतले, टेबलाशी बसला, शर्टाच्या खिशातून पिवळं कार्ड काढून मिठाच्या डबीजवळ ठेवलं. कार्डाच्या कोपऱ्याला पाक वाळून चिकटला होता.

"कधी सापडलं?" आर्डिसने विचारलं.

"त्याच दिवशी. ॲप्रन खुंटीला लावत होतो."

"बारा दिवस बोलला नाहीस."

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो," तो म्हणाला, आणि गुरांकडे निघून गेला.

*

गावाच्या चिटणीसबाई आठवड्यातून तीन सकाळी कचेरी उघडतात. बुधवारी आर्डिस दारातच उभी होती.

"पडलेला विषय परत घ्यायचा तर कायदा आहे," चिटणीसबाई चष्म्यावरून म्हणाल्या. "तीस दिवसांत अर्ज. शंभरातल्या पाच मतदारांच्या सह्या. म्हणजे आपल्याकडे अठरा. मग सभा परत बोलवावी लागते. पंधरा दिवस गेलेच आहेत."

"अठरा."

"लोक विचारतील हं. एकदा मत झालं, परत कशाला, म्हणतील. काय सांगशील?"

आर्डिसने कागद घडी करून कोटाच्या आत घातला.

पहिलं घर कोरीनचं. दुसरं कुठलं असणार? पाऊण मैल उतरलं की तेच लागतं. या खेपेला आर्डिस आत गेली, कॉफीपुढे बसली, आणि कागद उलगडायच्या आधी एका दमात सगळं बोलून टाकलं. ताटल्या, सात तुकडे, फळी. कोरीन ऐकत राहिली. निळी माळ बोटाभोवती गुंडाळत.

"मला वाटलं तू आभार मानतेयस," आर्डिस म्हणाली. "तुझा आवाज मला ऐकवेना. मी जळते गं तुझ्यावर. तुझी खडी, तुझा फोटो, तुझी ती सफरचंदं. वीस वर्षं जळतेय."

कोरीनने माळ सोडली. मग म्हणाली, "तुझी पाई पिंपामागे मी ठेवली होती."

"काय?"

"सकाळी, सगळ्यांच्या आधी. एवढी देखणी वेणी घातलेली. म्हटलं, आता हेही हिचंच का?"

"हेही म्हणजे? माझं काय आहे, कोरीन? चिखल?"

"बाबा आहेत," कोरीन फटकन म्हणाली. "सासूबाई गेल्या तेव्हा मी बाबांसाठी खोली रंगवली होती. खालची, उन्हाची. पक्क्या रस्त्यावर. म्हटलं, या इकडे, थोरल्या मुलाकडे. तर म्हणाले, नको, मी आर्डिसकडे बरा आहे. चिखलात, वर, तुझ्याकडे! ती खोली अजून तशीच आहे. मी तिथे शिवणाचं यंत्र ठेवलंय."

आर्डिसने कागद पुढे सरकवला. कोरीनने वाचनालयातल्या सुंदर अक्षरात पहिल्या ओळीवर सही केली. मग पेन तिथेच धरून म्हणाली, "माझ्या सफरचंदाच्या ताटलीचं काय झालं होतं? घरी न्यायला गेले तर मला पिंपामागे सापडली."

"तिथे मी ठेवली," आर्डिस म्हणाली.

कोरीनने तिच्याकडे बघितलं. मग दोघी हसल्या नाहीत. पण कोरीनने कॉफी पुन्हा भरली.

शुक्रवारपर्यंत पंधरा सह्या झाल्या. प्रत्येक दारात तेच सांगायचं: मी स्वयंपाकघरात पाई मोजत होते. काही हसले, एकीने तोंडावर दार लावलं. हॅस्किन म्हणाला, "पाईसाठी रस्ता घालवलास?" आणि तरीही सही केली, कारण असं खरं बोललेलं त्याने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, असं म्हणाला. शनिवारी दोन. अठराव्या सहीसाठी उरलं एक घर, गावाच्या टोकाचं.

लायमन टटल ओसरीवर विळ्याला धार लावत बसला होता. आवाज परत आला होता.

"गवताच्या यंत्राचं काय केलं त्यांनी?" आर्डिसने पायरीवर पाय ठेवायच्या आधीच त्याने विचारलं. "बघितलंस? मी एक शब्द बोललो नाही आणि घेतलं! नवीन! ऐक, बस. मी तुला सांगतो त्या पात्यांचं काय होतं ते."

आर्डिसने कागद मांडीवर ठेवला. ओल्या पायरीवर बसली. चिखल तिच्या बुटांवर वाळत होता, वर टेकडीवर रसाच्या बादल्या भरून वाहत असतील, टॅन्सी एकटीच वाहत असेल. लायमनने घसा साफ केला आणि आपल्या आज्यापासून सुरुवात केली.

तो पुरता तासभर बोलला. आर्डिसने एक शब्दही चुकवला नाही.